सोंडेचं दुसरं टोक

ज्या सोमवारी गूळ बंद झाला, त्याच सोमवारी गाळ्यात तो मोठा खोका आला.

घोडपदेवच्या त्या गाळ्यात हॉटेलांच्या भटारखान्यांचं सामान बनायचं. स्टीलची टेबलं, मोऱ्या, ट्रॉल्या आणि शेगडीवरचा धूर वर ओढून नेणाऱ्या चिमण्या. वेल्डिंगला बसणाऱ्यांना रोज दुपारी गुळाचा एक खडा मिळायचा. थोरल्या शेठने घातलेली पद्धत होती ती. धूर घशात बसतो आणि गुळाने उतरतो, असं सगळे धरून चालायचे. हितेंद्र तो खडा लगेच खात नसे. गालात धरून ठेवायचा, तो विरघळेपर्यंत हातातला जोड संपवायचा.

थोरले शेठ गेल्यावर त्यांचा मुलगा यशोधन गाळा बघायला लागला होता. त्या दुपारी हितेंद्रने डबा उघडला तर आत गूळ नव्हता. त्याने विचारलं तेव्हा यशोधन म्हणाला की गुळाने छातीत गेलेला धूर बाहेर येत नाही, डॉक्टरांना विचारलंय, आता त्यापेक्षा चांगली सोय केली आहे. आणि त्याने खोक्याकडे बोट दाखवलं.

खोक्यातून निघालं ते एक लोखंडी कपाटासारखं यंत्र आणि दोन जाड, वळणारे काळे पाइप. पाइपांच्या टोकाला पसरट तोंड होतं. बसवायला आलेल्या माणसाने समजावलं की हे तोंड जोडाच्या जवळ आणून धरायचं, धूर उठतो तिथेच ओढला जातो, नाकापर्यंत येतच नाही. कपाट त्याने मागच्या माळ्यावर ठेवलं. त्यात गाळणी होती. ओढलेला धूर गाळणीतून जाणार आणि साफ हवा मागच्या भिंतीच्या भोकातून घरगल्लीत निघणार. राकेशने ते लोंबते पाइप बघून पहिल्याच दिवशी त्यांना सोंड म्हटलं आणि तेच नाव पडलं.

राकेश आणि हितेंद्र गेली कित्येक वर्षं शेजारी शेजारी बसत होते. पूर्वी तिसरा राजाराम होता, दोघांनाही शिकवलेला. शिमग्याच्या सुमारास त्याला जिना चढताना धाप लागायला लागली. यशोधनने त्याला विश्रांती घ्यायला सांगितलं, तो राजापूरकडे गावी गेला आणि परत आला नाही. त्याची काच, म्हणजे तोंडावर चढवायची वेल्डिंगची ढाल, अजून खुंटीवर होती. तिच्याबद्दल कोणी बोलत नसे.

"आधी माणूस घालवला, मग मशीन आणलं," राकेश म्हणाला. "आपल्याला काय येडा समजतो काय हा?"

हितेंद्रलाही गेले काही महिने सकाळी खोकला यायचा. तो गाळ्यात येण्याआधीच कोपऱ्यावर थांबून खोकून घ्यायचा, मग आत शिरायचा.

घर त्याचं लांब नव्हतं. गाळ्याच्या मागे घरगल्ली, दोन भिंतींमधली हातभर रुंदीची, पाइप आणि कचऱ्याची. तिच्या पलीकडे त्याची चाळ. पहिल्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीची मागची खिडकी घरगल्लीवर उघडायची. तरी गाळ्यात जायचं तर सगळी चाळ वळसा घालून पुढच्या रस्त्याने जावं लागे. त्या मागच्या खिडकीत त्याची आई जाईबाई बसायची. तिथे थोडा वारा लागायचा. ती तिथेच तांदूळ निवडायची, सुकट साफ करायची, झोप आली तर भिंतीला टेकून डोळे मिटायची.

संध्याकाळी हितेंद्रने यंत्राचं सांगितलं. बायको सुचित्रा पोळ्या लाटत होती. ती सकाळी लालबागला एका पोळीभाजी केंद्रात जायची आणि घरी आल्यावर पुन्हा पोळ्याच लाटायची. तिने विचारलं की ह्यात शेठचा फायदा काय. हितेंद्र म्हणाला, तेच तर कळत नाही.

जाईबाईने सुपातले खडे बाजूला केले.

"मालकाक तुमची कीव कधीपासना येवक लागली?" ती म्हणाली. "तुझ्या बापाशीच्या गिरणीत पन असाच झाला होता. कापसाचो धुरळो छातीत जाता म्हनान मोठे पंखे बसयले, डाक्तर आनलो, सगळ्यांका फुकूक लायला. आमका वाटला, चला, देवाक दया इली. मगे काय झाला? ज्यांची छाती कमजोर त्यांका आधी घराक धाडला. रवले त्यांची गिरणीच बंद."

हितेंद्रला वडिलांचा तो खोकला आठवत होता. जिन्याच्या खालच्या पायरीपासून ऐकू यायचा. त्याने पोळीचा तुकडा मोडला आणि विषय तिथेच सोडला. पण आईचं बोलणं त्याच्या डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवसापासून सोंड सुरू झाली. कपाटाचा आवाज घूंऽऽ असा अखंड यायचा. पहिली सोंड हितेंद्रच्या जागेवर होती, दुसरी पुढे दाराकडे राकेशच्या जागेवर. हितेंद्रला वाटलं, आपल्याकडे आधी का? खोकला कोणीतरी सांगितला असणार. सांगणारा राकेशच असणार, कोपऱ्यावर खोकताना त्यानेच बघितलं असेल. आणि राकेशच्या मनात वेगळंच. त्याला वाटत होतं की हितेंद्र शेठच्या मर्जीतला झाला म्हणून जवळची सोंड त्याला मिळाली. दोघं एकाच बाकावर डबा खायचे आणि एकमेकांना भाजी वाढायचे, पण बोलणं कमी झालं.

हितेंद्र सोंड जवळ घ्यायचाच नाही. ढकलून वर छताकडे करायचा, यशोधन दिसला की खाली ओढायचा. एकदा यशोधन बराच वेळ मागे उभा राहिला. हितेंद्रने सोंड अगदी जोडाला टेकवली आणि काम केलं. काच वर करून बघतो तर जोडावर बारीक बारीक भोकं, मुंग्यांनी खाल्ल्यासारखी. वेल्डिंगच्या नळीतून जो गॅस जोडावर सोडतात तोच सोंडेने ओढून घेतला होता. उघडा पडलेला जोड हवा लागून सडला.

नेमका त्याच वेळी ज्या हॉटेलवाल्यांची मोठी ऑर्डर होती त्यांचा माणूस तपासणीला आला होता. पांढरं हेल्मेट घातलेला, तरणा. त्याने जोडावर नख फिरवलं आणि विचारलं, हे कोणाचं काम. यशोधन म्हणाला, "होईल नीट, नवीन आहे अजून." त्याला सोंड नवीन आहे असं म्हणायचं होतं. पण हितेंद्रने ऐकलं ते स्वतःबद्दल. अर्धं आयुष्य जोड मारण्यात गेलेला माणूस तो. त्याने ग्राइंडर घेतला आणि सगळ्यांसमोर स्वतःचाच जोड घासून काढला. ठिणग्या त्याच्या मनगटावर पडत होत्या आणि त्याने हात मागे घेतला नाही.

त्या दिवशी त्याची खात्री झाली. यंत्र ह्याच्यासाठीच आणलंय. जोड बिघडवायचे, मग म्हणायचं, म्हाताऱ्याचा हात गेला.

दिवाळीच्या तोंडावर डॉक्टर आला. गाळ्यातच टेबलावर त्याने एक छोटं यंत्र मांडलं आणि प्रत्येकाला नळीत जोरात फुंकायला लावलं. हितेंद्रने आईचं ऐकलेलं होतं. त्याने नळी हातात घेतली, परत ठेवली आणि म्हणाला, मी नाही फुंकणार. डॉक्टरने समजावलं, यशोधनने समजावलं. हितेंद्र कामाच्या जागेवर जाऊन बसला.

यशोधन त्याच्या मागोमाग आला. स्टूल ओढून समोर बसला. तो चिडला होता, पण आवाज खालीच होता.

"हितेंद्रदादा, तुम्हाला नक्की काय वाटतं माझ्याबद्दल?"

हितेंद्रने काचेचा पट्टा घट्ट केला. मग म्हणाला, "तुम्हाला आमची एवढी काळजी का, ते सांगा. राजारामच्या वेळी नव्हती ती."

यशोधनने खरं ते सांगितलं. काळजी वगैरे काही सुरुवातीला नव्हती. त्या हॉटेलवाल्यांनी अट घातली होती. गाळ्यात धूर ओढायची सोय नसेल आणि कामगारांची छाती तपासलेली नसेल तर ऑर्डर मिळणार नाही. त्यांचा धंदा परदेशी पैशावर चालतो, तिकडून विचारणा होते. ऑर्डर गेली तर गाळा विकायची वेळ येईल. म्हणून यंत्र आणलं, तेही परवडेल तेवढंच. राजारामबद्दल तो म्हणाला, "त्यांच्या वेळी मला कळलंच नाही. खोटं कशाला बोलू."

हितेंद्रला एकदम हलकं वाटलं. मालकाच्या दयेने त्याला झोप लागत नव्हती. धंद्याचं कारण त्याला समजत होतं. धंद्याशी कसं वागायचं ते त्याला येत होतं. तो उठला, डॉक्टरच्या टेबलापाशी गेला आणि नळीत फुंकला. पहिल्या फुंकरीला खोकला आला, दुसरी बरी गेली. डॉक्टर म्हणाला की छाती थोडी आवळलेली आहे, पण अजून वेळ गेलेली नाही, धूर टाळा. कोणाला काढलं नाही, कोणाची जागा बदलली नाही. राकेशची छाती ऐकून मात्र डॉक्टरने त्याला पुन्हा पुन्हा फुंकायला लावलं. राकेश हसून म्हणाला की आपण आधीपासूनच बारीक छातीचे.

त्यानंतर हितेंद्रने सोंडेशी जमवून घेतलं. बसवणारा माणूस पुन्हा आला होता, त्याने दाखवून दिलं. तोंड जोडाला टेकवायचं नाही, वीतभर लांब आणि बाजूने थोडं वर धरायचं. तसं धरलं की जोडाचा गॅस जागेवर राहतो आणि वर उठलेला निळसर धूर डोक्याशी येण्याआधीच वळून आत जातो. पहिल्यांदा तसा वळलेला धूर बघितला तेव्हा हितेंद्र हातातलं काम थांबवून बघतच राहिला. एखाद्या बाईने विस्कटलेले केस एका हाताने मागे घ्यावेत तसा तो जात होता.

मग जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपांचं काम निघालं, टेबलांच्या पायांसाठी. ह्या कामाची सगळ्यांना धास्ती असायची. जस्ताचा पांढरा धूर दिवसभर घेतला की संध्याकाळी थंडी भरून ताप यायचा. तोंडाला नाणं चघळल्यासारखी चव यायची आणि सकाळी सगळं गायब. सुचित्राने त्या दिवशी सवयीने गोधडी काढून ठेवली होती. हितेंद्र घरी आला, जेवला, पेपर चाळत बसला. ताप आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

सुचित्राने धुवायला त्याचा रुमाल घेतला. इतकी वर्षं त्याच्या रुमालात नाकातलं काळं निघायचं, ते नव्हतं. तिने रुमाल उलटसुलट केला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही कामावर जाताय ना?"

तो हसला. तिला हसू आलं नाही. तिने खाली राहणाऱ्या एका पोराला गाळ्यासमोरून फेरी मारून यायला पाठवलं, हे त्याला नंतर कळलं.

थंडी पडली न पडली तोच चाळीत कुरबुर सुरू झाली. तळमजल्यावरची नलू आधी बोलली. ती खाली घरगल्लीकडच्या खोलीत राहायची आणि मसाल्याच्या पुड्या भरायची. तिचं म्हणणं होतं की पुड्यांवर करडी पूड बसते. कोणी म्हणालं, समोरच्या टॉवरचं बांधकाम. नलूला ते पटलं नाही. ती म्हणायची, टॉवरची धूळ पांढरी, ही जळकी. चाळीत दोन गट झाले. काहींना वाटलं की बिल्डरनेच नलूला फितवलंय, गाळा उठला की चाळ रिकामी करायला सोपं. नलूला वाटायचं की हितेंद्रच्या घरचे शेठची बाजू घेणार, म्हणून ती सुचित्राशी नळावर बोलेनाशी झाली.

जाईबाईला खोकला लागला होता. सुचित्राला आधी वाटलं, हवा बदलली. आल्याचा काढा केला, वाफ दिली. सकाळी सुचित्रा कामावर जायची तेव्हा म्हातारी बरी असायची आणि दुपारी परत येईपर्यंत आवाज बसलेला. रविवारी खोकला नसायचा. हे सुचित्राच्या ध्यानात आलं तेव्हा तिने कोणाला काही सांगितलं नाही. तिने एक ओलं पांढरं फडकं मागच्या खिडकीच्या गजाला बांधलं आणि कामावर गेली. परत आली तेव्हा फडकं वाळलं होतं आणि घरगल्लीकडची बाजू राखेसारखी झाली होती.

संध्याकाळी हितेंद्र हातपाय धुऊन बसला. तिने फडकं त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?"

"तुमच्या रुमालातलं," ती म्हणाली. "आता आई खातायत."

हितेंद्रने फडकं नाकाशी नेलं. त्याला दुसऱ्या कोणाला विचारायची गरज नव्हती. जाईबाई भिंतीला टेकून बसली होती. खोकला दाबण्यासाठी तिने पदर तोंडात धरला होता. तिने त्याच्याकडे बघून हात हलवला, काय नाय रे झिला, असं. तो खिडकीशी गेला. समोर, हाताच्या अंतरावर, गाळ्याच्या भिंतीतलं भोक होतं. त्याच्या कडेला भिंत काळी पडली होती. एवढे दिवस त्याने तिकडे बघितलंच नव्हतं. आपल्याला ताप येत नाही ह्यात तो खूष होता.

सुचित्रा म्हणाली की नलूने वॉर्डात तक्रार टाकायचं ठरवलंय आणि मी सही करणार आहे. मग गाळा बंद होवो नाहीतर काही होवो. हितेंद्र म्हणाला, उद्याचा दिवस दे. तिने मान हलवली नाही की नाही म्हटलं नाही.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी गाळ्यावर पोचला. शिडी लावून माळ्यावर चढला आणि कपाटाचे स्क्रू काढले. आत गाळणीची जागा रिकामी होती. नुसता चौकोनी सांगाडा, आणि आतले पत्रे काजळीने मखमली झालेले. ओढलेला धूर जसाच्या तसा पलीकडे फेकला जात होता, त्याच्या आईच्या खिडकीत.

यशोधनने पैसे वाचवायला गाळणी काढली, ह्याबद्दल हितेंद्रला तसूभर शंका उरली नाही. आई पहिल्या दिवसापासून सांगत होती आणि आपण मालकाच्या दोन गोड शब्दांवर भाळलो, असं त्याच्या मनात येत होतं.

यशोधन आला तेव्हा हितेंद्र खाली त्याच्या टेबलापाशीच उभा होता. त्याने ते फडकं टेबलावर टाकलं आणि गाळणी कुठे आहे विचारलं. यशोधनला आधी काही उमजेना. मग तो स्वतः माळ्यावर चढला, चांगल्या पँटला काजळी लावून खाली आला आणि म्हणाला की मला ठाऊक नाही. हितेंद्र म्हणाला की माझी आई तुमचा धूर खाते आणि तुम्हाला ठाऊक नाही. आवाज चढत गेला. दाराशी राकेश उभा होता. त्याने अजून पिशवी खांद्यावरून काढली नव्हती.

"मी काढली," राकेश म्हणाला.

दोघं त्याच्याकडे वळले.

"माझी सोंड ओढतच नव्हती रे. तुझी सगळं ओढून घ्यायची. माझ्यापर्यंत काय पोचणार? धूर नुसता तोंडासमोर घुटमळायचा. दोनदा शेठला बोललो, ते बोलले बघतो. मग एक दिवस वर जाऊन बघितली. जाळी पार बुजलेली. काढली तर एकदम ओढायला लागलं. मग नाही परत लावली." तो थोडा थांबला. "मला पण येतो ना खोकला. तुला एकट्यालाच येतो काय?"

हितेंद्रने राकेशच्या जागेकडे बघितलं. तिथला बल्ब, वरचा पत्रा, खुंटीवरचा डबा, सगळ्यावर काजळीचा थर होता. स्वतःच्या जागेवरचा पत्रा त्याला त्यामानाने स्वच्छ दिसला. शेजारी बसून त्याने हेही बघितलं नव्हतं. राकेशची सोंड वर छताकडे केलेली दिसली की तो मनात म्हणायचा, हा अजून शेठवर रुसलाय.

यशोधन खुर्चीवर बसला. त्याने कबूल केलं की विकणाऱ्याने तेव्हाच सांगितलं होतं, हा पंखा एका सोंडेपुरता आहे, दुसरी जोडली तर जोर कमी पडेल. त्याला वाटलं, चालून जाईल. गाळणी वेळोवेळी बदलायची असते हेही सांगितलं होतं. ते मागे पडत गेलं.

मग तो धंद्याचं बोलला. माल चार दिवसांत जायचा होता. हॉटेलवाल्यांचा माणूस परत येणार होता. नवा पंखा मागवतो, गाळणी मागवतो, पण तोवर यंत्र असंच चालू ठेवू. नाहीतर यंत्र बंद करून पूर्वीसारखं काम करू, इतकी वर्षं केलंच ना.

हितेंद्रने खुंटीवरची आपली काच घेतली, हातात धरली आणि पुन्हा खुंटीला लावली.

"यंत्र लावलं तर माझ्या आईच्या तोंडात जातो," तो म्हणाला. "बंद केलं तर ह्याच्या. मी बसत नाही."

यशोधनने राकेशकडे बघितलं. मोठा माल होता आणि राकेशला कामाची गरज हितेंद्रपेक्षा जास्त होती. पोरीचं नर्सिंगचं शिक्षण चालू होतं. राकेशने पिशवी खांद्यावरून काढली. हितेंद्रला वाटलं, हा बसणार. राकेशने पिशवी बाकावर ठेवली, तिच्याशेजारी बसला आणि तंबाखूची पुडी काढली.

"मी पण नाही," तो म्हणाला.

त्या दिवशी गाळ्यात घूंऽऽ आवाज आला नाही आणि जोडही लागला नाही. कापायचं, घासायचं, पॉलिशचं काम तेवढं झालं. यशोधन दुपारपर्यंत फोनवर होता. कधी विनवत होता, कधी ओरडत होता. हॉटेलवाल्यांना त्याने शेवटी खरं तेच सांगितलं, बहुतेक दुसरं काही सुचलं नाही म्हणून. त्यांनी मुदत वाढवून दिली, पण मालातला मोठा वाटा काढून भिवंडीच्या दुसऱ्या कोणाला दिला. आपण केलं ते बरोबर की चूक, ह्याचा हितेंद्रला त्या दिवशी अजिबात अंदाज येत नव्हता. घरी जाऊन त्याने सुचित्राला सगळं सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला तो राकेशच्या खोकल्याबद्दल.

जाईबाईला ते मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. छातीचा फोटो काढला, औषध दिलं, फवारा तोंडात मारायला शिकवलं. डॉक्टरीणबाई म्हणाली की हे आताच्या धुराने किती आणि पूर्वीचं किती, ते वेगळं करून सांगता येणार नाही. जाईबाई परत येताना टॅक्सीत म्हणाली, "पूर्वीचा म्हनजे तुझ्या बापाशीचे गिरणीतले कपडे मीच धुयत होतंय ना." तेवढं बोलून ती बाहेर बघत बसली.

नवा पंखा आला. प्रत्येक सोंडेला वेगळा. मागच्या भिंतीचं भोक बुजवलं आणि गाळणीतून निघालेली हवा पाइपाने पत्र्याच्या वर, चाळीच्या छपरापेक्षाही उंच नेली. तो उंच पाइप हितेंद्रने आणि राकेशने मिळून जोडला. हॉटेलांसाठी असे कितीतरी पाइप त्यांनी जोडले होते. राकेश वर चढून पाइप धरायचा, हितेंद्र खालून टाका मारायचा. मध्येच खोकला आला तर आता कोणी कोपऱ्यावर जात नव्हतं.

सगळं सुरू झाल्यावर पहिल्या शनिवारी, पगाराच्या वेळेला, सुचित्रा गाळ्यात आली. तिच्याबरोबर नलू होती. दोघींचं नळावरचं बोलणं अजून पुरतं सुरू झालेलं नव्हतं, पण ह्या कामाला त्या एकत्र आल्या होत्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सुचित्राने नवऱ्याची कामाची जागा आतून बघितली नव्हती. ती दारात थांबली. लोखंड, तेल आणि घामाचा वास तिच्या नाकात गेला. तो वास तिच्या ओळखीचा होता.

यशोधन खुर्चीवरून उठला. तिने त्याला सांगितलं की आम्हाला ते कपाट बघायचं आहे.

त्याने हितेंद्रकडे बघितलं. सुचित्राने साडी खोचली आणि शिडीवर पाय ठेवला. शिडी हलली तशी यशोधनने पुढे होऊन ती धरली. ती माळ्यावर गेली, कपाटाचं दार उघडलं, गाळणी ओढून बघितली. पुढची बाजू करडी झाली होती. मागच्या बाजूवर तिने बोट फिरवलं, उजेडाकडे धरून बघितलं, मग वास घेतला. वरूनच तिने ते कोरं बोट नलूला दाखवलं. नलूने मान डोलावली.

खाली उतरल्यावर तिने पर्समधून एक छोटं कुलूप काढलं आणि यशोधनच्या टेबलावर ठेवलं.

"हे त्या दाराला लावा. एक किल्ली माझ्याकडे राहील, एक नलूताईंकडे. गाळणी साफ करायची असली की निरोप धाडा, आम्ही येऊन उघडू."

यशोधनने कुलूप हातात घेतलं. तो दुखावला होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"वहिनी, एवढं सगळं केलं. अजून विश्वास नाही माझ्यावर?"

"नाही," सुचित्रा म्हणाली. तिने हितेंद्रकडे बघितलं, मग राकेशकडे. "ह्यांच्यावर पण नाही."

राकेश हसायला लागला आणि हसता हसता त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत सगळे उभे राहिले. मग हितेंद्रने शिडी पुन्हा माळ्याला टेकवली, यशोधनच्या हातातलं कुलूप घेतलं आणि वर चढला.